मध्ये शिवण नको

माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये आलेलं गिऱ्हाईक कापड हातात घेतं, चुरगाळून बघतं, दारात नेऊन उजेडाला धरतं आणि मग "दुसरा रंग दाखवा" म्हणतं. मायाप्पाण्णांची रीत वेगळी होती. ते आधी डोक्याचं पागोटं काढून काउंटरवर ठेवायचे. मग कापडाची दोन टोकं मला धरायला लावायचे, दोन स्वतः एका मुठीत धरायचे, मध्ये झोळ पाडायचे, माझ्या प्यायच्या पाण्याचा अख्खा तांब्या त्या झोळात ओतायचे आणि वाकून आपलं टक्कल त्याच्या बरोबर खाली आणून डोळे मिटून उभे राहायचे.

"ह्यो माझा मीटर हाय, ताई," ते खालून सांगायचे. "हाताला फसवता येतं. टकलाला न्हाई."

थेंब पडायचा. पडणारच की! ब्लाऊजपीस ते, त्यानं काय धरणाची भिंत व्हायचं? अण्णा शांतपणे टक्कल पुसायचे, पागोटं बांधायचे आणि "दुसरं काढा" म्हणायचे. तोवर काउंटरवर तळं झालेलं असायचं आणि फॉल-बिडिंगला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत असायच्या. मी दुकान काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बाई, धंद्यात नाना तऱ्हेची माणसं भेटतात. ही तऱ्हा त्यांनाही ठाऊक नसावी.

अण्णांना पाल शिवायचं होतं. पाल म्हणजे मेंढपाळांचा तंबू. हल्ली शहरातली पोरं सुट्टीत डोंगरावर जाऊन जे उभं करतात आणि त्याच्यापुढं बसून फोटो काढतात, त्याचाच हा थोरला चुलता. अण्णांचा जन्म पालात गेलेला. जतच्या बाजूला त्यांची वाडी. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखाकडं चालायला लागायचं. वाटेत कुणा पाटलाच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत, ह्यांना धान्य. असं सगळं आयुष्य गेलं. आता मेंढरं विकली, घोडं दिलं. मुलगा तिकडं खंडाळ्याला कंपनीत नोकरीला आहे, त्यानं आमच्या कवठेमहांकाळात नव्या वसाहतीत आईबापांना स्लॅबचं घर बांधून दिलं. बायको आजारी असते, ती घराबाहेर पडत नाही, एवढंच त्यांच्याकडून कळलेलं.

"स्लॅबच्या घरात राहून पाल कशाला हो अण्णा?" मी विचारायची.

"लागतंय."

"पण इथं पाऊस तरी कुठं पडतो?"

हा प्रश्न सगळं गाव त्यांना विचारायचं. आमच्या भागात पाऊस पत्रिका देऊनसुद्धा येत नाही, आणि हा माणूस गळतीची काळजी करत हिंडतोय. पण अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही विचारलं की ते तेच फेकायचे: "पानी कापडातनं येत न्हाई, शिवणीतनं येतं." पुढं पुढं तर त्याचा ताल सुटला. शेजारच्या सुमनवहिनी आपल्या जावेची कागाळी सांगत होत्या, तर मध्येच हे म्हणाले, "वयनी, पानी शिवणीतनंच येतं." वहिनींना ते इतकं पटलं की त्या आठवडाभर जावेशी बोलल्या नाहीत.

कापडाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. निळी ताडपत्री दाखवली. "हिला भाईरनं पानी लागत न्हाई, पर आतनं घाम सुटतो. पहाटंला आपलाच घाम आपल्या तोंडावर पडतोय." पॅराशूटचं कापड मागवलं, वजनाला हलकं, पाण्याला पक्कं. ते त्यांनी वाऱ्यात धरलं, कान लावला आणि परत केलं. "हे कापड बोलतंय. रातभर फडफडफडफड. मानसानं झोपायचं का भाषण ऐकायचं?" छत्रीचं कापड काळं म्हणून नको. त्याखाली मेंढरू बुजतं.

"मेंढरं विकली ना अण्णा?"

"विकली. पर इचार मेंढरं धरूनच करायचा."

शेवटी मी वैतागून म्हटलं, अण्णा, चौकात वाढदिवसांचे एवढे फ्लेक्स लागतात, त्यातला एक उतरवून घ्या. फुकट आहे, पाणी धरत नाही. अण्णांनी त्यावरही गंभीरपणे विचार केला. "बघितला त्यो बी. कापड चांगलं हाय. पर आडवं पडलं की वरनं पुढारी दात काढून बघनार. डोळा लागंल व्हय?"

माणसाला एखाद्या गोष्टीचं याड लागलं की त्याला जिकडंतिकडं तेच दिसतं. अण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी वर बघायचे. सुमनवहिनींच्या मुलीच्या लग्नात सगळं गाव नवरानवरीकडं बघत होतं आणि अण्णा मंडपाकडं. अक्षता टाकायच्या भानगडीत त्यांच्या मुठीतल्या अर्ध्या वरच गेल्या. मंगलाष्टकं संपायच्या आत त्यांनी मंडपवाल्याला गाठलं आणि शिवण उलटी घातलीस म्हणून झाडायला सुरुवात केली. "कौलावानी पायजे रं गड्या! वरचं कापड खालच्यावर आलं पायजे. तू खालचं वर घेतलंस. पानी आडून आत शिरंल!" बाहेर ऊन असं की डांबर पाघळत होतं. मंडपवाला म्हणाला, "म्हातारबा, जेवला का?" अण्णा जेवले नाहीत. तसेच घरी गेले, बायको एकटी आहे म्हणून.

ही सगळी गंमत मी घरी रंगवून सांगायची. आमचे हे तर अण्णा आले का म्हणून रोज विचारायचे. आणि मग एका संध्याकाळी मला अण्णा आणि त्यांची बायको जतच्या रस्त्याला दिसली.

मी माहेराहून येत होते. रिक्षा गावात शिरायच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी बाई चाललेली. डोक्यावर गाठोडं, कमरेला पदर खोचलेला, पाऊल असं झपझप की जणू कुणी पुढं वाट बघतंय. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर, ट्रक जाताहेत, हॉर्न देताहेत, तिला त्याचं काही नाही. आणि तिच्या मागं थोडं अंतर ठेवून मायाप्पाण्णा, काखेत कापड, शेवटी नाइलाजानं माझ्याच दुकानातून दोन पन्हे जोडून नेलेलं. मी रिक्षा थांबवली. बाई एका पडीक रानाशी थबकली. अण्णा पळत पुढं गेले, दोन काठ्या रोवल्या आणि घाईघाईनं ते कापड त्यांवर टाकलं. बाईनं गाठोडं खाली ठेवलं, कापडावरून बोटं फिरवली, मधल्या शिवणीशी आली आणि मान हलवली.

"हे माझं पाल न्हवं," ती म्हणाली. गाठोडं परत डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

अण्णांनी मला बघितलं. त्यांना लाज वाटली असावी. काठ्या उपटत म्हणाले, "ताई, रिक्षा हाय तर जरा मागनं या. थकली की बसती, मग घरी न्यायला बरं पडंल."

त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून मला सगळं कळलं. अण्णांच्या बायकोला, सुंदराबाईंना, हल्लीचं काही आठवत नव्हतं. घर आठवत नव्हतं, मुलानं बांधलेला स्लॅब आठवत नव्हता. दिवसभर एका जागी बसून असायच्या. पण ऊन कललं की त्यांच्या अंगात बळ यायचं. घरातली भांडी गोळा करून गाठोडं बांधायच्या आणि निघायच्या, मुक्कामाची जागा शोधायला. धनगराच्या चालीत गडी मेंढरांमागं रानारानानं जातो. बाईमाणूस बिऱ्हाड घेऊन सरळ वाटेनं पुढं जातं, पाल टाकतं, चूल पेटवतं आणि मग दिवेलागणीला मेंढरं येतात. सुंदराबाईंनी जन्मभर हेच केलेलं. बाकी सारं पुसलं गेलं तरी ते तेवढं राहिलेलं.

"धरली की वरडती," अण्णा म्हणाले. "गाव गोळा हुतंय. म्हनून मी आपला मागनं चालतो. पर रस्ता वंगाळ हाय. परवा टेम्पोवाल्यानं गाडी घातलीच हुती अंगावर. पोरगं म्हनतंय, खंडाळ्याला घिऊन येतो, तिसऱ्या मजल्यावर ठेवतो, भाईरनं कडी लावतो. त्येचं बी चुकतंय कुठं? पर तिथं ती मरंल ताई. तिला पाल मिळालं तर ती बसंल. हितंच दारात बसंल. एवढंच पायजे."

"मग जुनं पाल कुठं गेलं?"

अण्णांनी वर स्लॅबकडं बोट केलं. हे घर बांधताना सिमेंटच्या पोत्यांवर तेच पाल टाकलं होतं. ते भिजलं, सिमेंट धरलं आणि दगड झालं.

"पण तुम्हाला ते आठवत असेल की. कसं होतं, कसं शिवलं होतं?"

आणि मग अण्णांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. ह्या माणसाला पालाबद्दल काहीएक माहीत नव्हतं. कापड सुंदराबाईंनी आणलेलं, शिवलं त्यांनी, टाकलं त्यांनी, काढलं त्यांनी. हे अंधार पडल्यावर यायचे, भाकरी खायचे, आडवे व्हायचे आणि उजाडायच्या आत उठून मेंढरांमागं जायचे. "रोज त्येच्याखाली झोपलो, पर वर कवा बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "पानी शिवणीतनं येतं, हे बी तिचंच बोलनं हाय. शिवताना म्हनायची. मला तेवढंच आठवतंय, मग तेच म्हनतो."

मग म्हणाले, "आता ती मला वळखत न्हाई. ह्या रानाचा मालक समजती. पाटील म्हनती. आयुष्यभर पाटलांच्या फुडं हात जोडले ताई, शेवटाला बायकोनंच मला पाटील केलं."

ते हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचला. सांगलीच्या पेठेतून जाड सुती तंबूचं कापड आणवलं. त्यांच्या टकलाच्या परीक्षेला ते दोनदा उतरलं, थेंब पडला नाही. सूत भिजलं की फुगतं आणि भोकं बुजतात, ते अण्णांना फार आवडलं. आता प्रश्न शिवणीचा. पहिलं पाल आम्ही दोन पन्हे मधोमध जोडून केलं होतं, कुणीही तसंच करेल. सुंदराबाईंचं बोट मध्येच अडलं होतं. मी म्हटलं, अण्णा, मध्ये शिवण नको असणार. तीन पन्हे घेऊ. मधला अखंड, दोन बाजूंना दोन, शिवणी उतारावर जातील. कडा एकमेकींत दुमडून वर दोन टिपा, जीन पँटच्या पायाला असतात तशा. एका दुपारात मशीनवर मारून दिलं. मला माझाच अभिमान वाटला.

अण्णा सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. "मधी शिवण न्हाई म्हनून लय वेळ बघत बसली. हात फिरवला. मग दुसऱ्या शिवणीला बोट लागलं. म्हनली, ही मशिनीची हाय, माझी हाताची."

मग काय! माझ्या दुकानात कोपऱ्यात स्टूल टाकून मायाप्पाण्णा दाभणानं शिवायला बसले. घरी शिवलं तर सुंदराबाई बघतील, म्हणून शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून यायचे. मी शिवून देते म्हटलं तर नको म्हणाले. दोरा मेणातून ओढायचा, दाभण खुपसायचं, बोटात घुसलं की "आगं आयाय" म्हणायचं आणि चोखायचं. ज्या हातानं आयुष्यभर काठी सोडून काही धरलं नाही त्या हाताला शिवण कशी येणार? नागमोडी जायची. उसवायचे, परत घालायचे. मध्येच उत्साह आला की गिऱ्हाइकाला सल्ले. सुमनवहिनी ब्लाऊज घेऊन आल्या तर त्यांच्या बाहीकडं बघून म्हणाले, "वयनी, ह्या शिवणीत पानी ऱ्हाईल." वहिनी म्हणाल्या, "आवं आण्णा, मी काय ह्ये घालून पावसात झोपनार हाय?" सगळं दुकान हसलं, अण्णाही हसले आणि तेवढ्यात दाभण परत बोटात घुसवून घेतलं.

पाल पूर्ण झालं तोवर, येत्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आईला न्यायला येणार हे ठरलेलं होतं. अण्णा घडी घालून निघाले आणि मला अचानक सुचलं.

"अण्णा, पाल कोण टाकायचं?"

"तीच की. बाईमानसाचं काम ते."

"मग तुम्ही का टाकता रोज?"

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. तोंड उघडं. मग पागोट्यासकट डोक्यावर हात मारून घेतला.

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून त्यांच्याकडं गेले. घराच्या मागं मोकळा प्लॉट आहे, अर्धवट गवत, अर्धवट खडी. अण्णांनी पाल, काठ्या, दोर, घोड्यावरून उतरवून ठेवावं तसं फाटकापाशी ठेवलं होतं आणि स्वतः लांब ओट्याशी जाऊन उभे होते, परक्यासारखे. सुंदराबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या. फाटकाशी थांबल्या. खाली वाकून घडी उचकली. शिवणीवरून बोट फिरवत फिरवत पार शेवटापर्यंत गेल्या. शिवण वेडीवाकडी होती, टाके कुठं लहान, कुठं मोठे. 

"लय घाईत शिवलंय मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि गाठोडं खाली ठेवलं.

मग ते हात बघण्यासारखे होते. काठ्या उभ्या, दोर ताणलेले, कडेला दगड, पाठ वाऱ्याकडं. मी मदत करायच्या बेतात होते तोवर पाल उभंसुद्धा राहिलं. आत शिरून त्यांनी तीन दगड मांडले, भांडी लावली, दारात बसल्या आणि मग त्यांचं लक्ष अण्णांकडं गेलं.

"पाटील, रातच्यापुरतं उतरलो तर चालंल न्हवं?"

"चालंल की बाई."

"आमचं मानूस मागनं येतंय मेंढरं घिऊन. दिसलं तर सांगा, पाल हितं हाय."

अण्णांनी मान हलवली. त्यांना जायचं होतं, पण पाय निघेना. म्हणाले, "बाई, एक इचारू? सगळी लोकं मधी शिवण घालत्यात. तुमी का घातली न्हाई?"

सुंदराबाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"आवं, मधी आमचं मानूस निजतंय. त्येच्या डोस्क्यावर केस न्हाईत. लग्नानंतर चार वर्सात गेलं सगळं. थेंब पडला की दचकून उठतंय आन मग त्येला झोप लागत न्हाई. दिसभर मेंढरामागं चालायचं असतंय त्येला. म्हनून मधी अखंड कापड घेतलं. शिवणी हिकडं, माझ्या अंगाला."

"त्येला ठावं हाय का हे?"

"त्येला कशाला सांगायचं? झोपतंय बिचारं."

अण्णा वळले. ओट्यावर घोंगडं होतं ते खांद्यावर टाकलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि माझ्याकडं न बघता घराच्या पलीकडच्या अंगाला निघून गेले. मला वाटलं, रडायला गेले. अंधारून आलं होतं. थोड्या वेळानं मागच्या गल्लीतून आवाज आला, "हुर्रऽऽ! हाऽ हाऽ! चल, चल गं!" गल्लीत एक मेंढरू नव्हतं. मोटरसायकली लावलेल्या होत्या आणि कुणाच्या तरी घरात मालिका चालू होती. अण्णा काठी आपटत, मेंढरं आत घालत, फाटकातून आले.

"आलासा व्हय?" सुंदराबाई म्हणाल्या. "लय येळ केलासा."

"वड्याला पानी पाजत हुतो," अण्णा म्हणाले.

त्यांनी पागोटं काढून उशाला ठेवलं आणि पालाच्या मधोमध आडवे झाले. सुंदराबाई एका अंगाला, शिवणीखाली बसल्या. मी निघाले तेव्हा अण्णा उताणे पडून वर बघत होते.

रविवारी मुलगा आला, पाल बघितलं, आई दारात बसलेली बघितली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. पुढचं पुढं बघू म्हणाला.

अण्णा अजून दुकानात येतात, दुपारच्या वेळी. पाणी ओतत नाहीत. स्टुलावर बसतात, उगाच सुया-दोरे बघतात. परवा सुमनवहिनींनी त्यांना अडवून ठेवलं, काहीतरी जावेचंच लांबण लावलं होतं. ऊन कलायला लागलं तसे अण्णा चुळबुळायला लागले.

"सोडा वयनी आता," ते उठत म्हणाले. "दिसभर पाटलाशीच बोलत असती ती. मी सांजच्यालाच तेवढा भेटतो तिला."